चोवीस कॅरेटची जागा

रूपाची खालच्या जबड्यातली डावी दुधाची दाढ काढावी लागली, तेव्हा रूपा सात वर्षांची होती आणि ती दाढ दोन वर्षांपासून किडत होती. घरात मोठी माणसं तीन. आई दिपमाला, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. रोज दीडशे पोरांना जेवणाआधी हात धुवायला लावायची. बाप भूपेंद्र, जळगावातच एका पाइपच्या कंपनीत, ऑफिसात. आणि आजी भिकुबाई, जिला घरदार आणि गल्ली मिळून सगळे अक्का म्हणत. पोरीला दात कोण घासायला लावतं, या बाबतीत तिघांचंही एकमत होतं की दुसरं कोणीतरी लावतं. झोपताना पोरीच्या गालात खडीसाखरेचा खडा कोण ठेवतं, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं, पण अक्कांना तसं तोंडावर सांगायची छाती घरात कोणाचीच नव्हती.

दाढ काढली, जखम भरली, आणि मग मुलांच्या दातांच्या डॉक्टर नौशीन यांनी त्या रिकाम्या जागेत एक स्टीलची कडी बसवली. मागच्या दाढेभोवती एक बारीक पट्टा, आणि त्यातून निघून पुढच्या सुळ्याला जाऊन टेकणारी तार. अख्खी वस्तू हरभऱ्याच्या दाण्यापेक्षा जरा मोठी.

"हाई काय शे?" अक्कांनी विचारलं. अक्कांचं माहेर धुळ्याकडचं. जळगावात पन्नास वर्षं काढूनही त्यांनी बोली बदलली नव्हती. बदलायची असेल तर जळगावने बदलावी, असं त्यांचं मत होतं.

"अक्का, इथे खाली रूपाचा कायमचा दात आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तो वर यायला अजून तीन वर्षं आहेत. तोपर्यंत जागा रिकामी दिसली की आजूबाजूचे दात त्यात सरकतात. मग खरा मालक येतो तेव्हा त्याला शिरायला वाट नसते. ही कडी तीन वर्षं फक्त जागा धरून बसणार."

"एस्टीमा शीटवर रुमाल टाकतस, तशी गोट शे ही!"

"अगदी तशीच," डॉक्टर खूश होऊन म्हणाल्या. इतक्या लवकर इतकं नीट कोणाला कळलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"मंग रुमाल तरी बरा टाकाले पाहिजे ना माय! स्टील?"

डॉक्टर हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारी विनोद करतेय. "चिकट काही देऊ नका," त्या म्हणाल्या. "कडी निघाली तर ती घेऊन लगेच या. लगेच म्हणजे दोन दिवसांत. जागा कोणासाठी थांबत नाही." तिघांनीही माना हलवल्या. भूपेंद्र वर "हो" असंही म्हणाला. भूपेंद्र सगळ्यांनाच हो म्हणायचा. साहेबाला, बायकोला, आईला, रस्त्यात विमा विकणाऱ्याला. त्यामुळे त्याचं कोणाशी भांडण नव्हतं आणि त्याच्या हातून एकही काम धड होत नव्हतं.

अक्कांचं दुखणं वेगळंच होतं. दीड-दोन महिन्यांवर असोद्याला लग्न होतं. त्यांच्या जाऊबाईंच्या, कौतिकाबाईंच्या नातीचं. नवरदेव धुळ्याचा, म्हणजे वऱ्हाड अक्कांच्या माहेरचं. अक्का लग्न होऊन जळगावला आल्या, तेव्हापासून माहेरी त्यांचा एकच तोरा होता, की आम्ही सोन्याच्या गावात राहतो. आता त्या वऱ्हाडासमोर त्यांची नात हसणार आणि आत स्टील चमकणार.

"धुळाना लोक काय म्हनतीन? भिकूना घरनी पोर नि तोंडमा भांडं?" त्या भूपेंद्रला म्हणाल्या. भूपेंद्र हो म्हणाला.

तेव्हापासून रूपाला चारचौघांत हसायला बंदी झाली. शेजारीण आली की अक्का डोळे वटारायच्या आणि पोरगी ओठ आवळून बसायची. शेजारणींनी आपसांत ठरवून टाकलं की दाढ काढताना मुलीची काहीतरी नस दुखावली असणार.

संक्रांत आली. डॉक्टरांनी चिकट देऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते अक्कांना चांगलं लक्षात होतं. पण तिळाची रेवडी ही चिकट नसते, ती कडक असते, असा त्यांचा हिशेब. तिसऱ्या रेवडीला कडी निघून रूपाच्या तळहातावर आली.

दिपमालाची शाळा मुक्ताईनगर तालुक्यात. ती रोज पहाटेची एस्टी धरायची आणि दिवेलागणीनंतर घरी यायची. शिवाय त्याच आठवड्यात तिच्या गळ्यात मतदार याद्यांचं काम पडलं होतं. रूपाकडून फोनवर कळताच तिने गावातल्या कुठल्यातरी ओट्यावरून भूपेंद्रला फोन केला.

"अहो, कडी निघाली म्हणे. आजच्या आज डॉक्टरांकडे न्या तिला. नेता ना?"

"हो," भूपेंद्र म्हणाला.

फोन ठेवला आणि वळून बघतो तर अक्का दारात. त्यांच्या मुठीत कडी होती.

"दवाखानामा काय ठेवेल शे? नमुना मना हातमा शे. मी मगनशेठकडे जास आणि हाईच्या हाई सोनामा घडाई लेस. तू दिपमालाले काही सांगू नको."

"हो," भूपेंद्र म्हणाला.

मगनशेठ हे अक्कांच्या सासरच्या, चौधरी घराण्याचे ठरलेले सोनार. त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाला नाही म्हणायची पद्धत तीन पिढ्यांत नव्हती. उद्या कोणी म्हशीला नथ पाहिजे म्हणून आलं असतं, तर मगनशेठनी नाकाचं माप विचारून चहा मागवला असता. त्यांनी ती कडी चिमट्यात धरली, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ तिच्याकडे तुच्छतेने पाहिलं.

"हे काय काम आहे का अक्का? ना फिनिशिंग, ना नक्षी. नुसता पत्रा वाकवलाय. दोन दिवसांत अशी बनवून देतो, की डॉक्टर शिकायला येतील माझ्याकडे. बावीस कॅरेटमध्ये करू ना?"

"बावीस? म्हंजे बाकीनी भेसळ? मनी नातना तोंडमा?"

"अक्का, चोवीस फार मऊ पडतं. दागिन्याला जरा कडकपणा लागतो."

"पोरनं तोंड नाजूक शे. मऊच बरं."

या युक्तिवादापुढे मगनशेठ हरले, म्हणजे त्यांनी तसं दाखवलं. कडीवर वेलबुट्टी काढायचंही ठरलं. पट्ट्याच्या आतल्या बाजूलाही काढू का, असं त्यांनी विचारलं, कारण तिकडे जीभ सोडून कोणी बघणार नव्हतं. अक्का म्हणाल्या, जिभेलासुद्धा कळू दे. स्टीलची कडी नमुना म्हणून दुकानातच राहिली.

दोन दिवसांनी निरोप आला की कडी तयार आहे. अक्का गेल्या, कडी पाहिली, डोळे भरून पाहिली आणि रिकाम्या हाताने परत आल्या.

"का हो अक्का?" भूपेंद्रने विचारलं.

"आज काय शे? शनवार. सोनं काय कोनतंबी दिनले घरमा आनतस का? एकोनीस दिनवर गुरुपुष्य शे. तैन्हा आनसू."

सोनं गुरुपुष्यामृतालाच घरात आणायचं, ही रीत काही अक्कांनी काढलेली नव्हती. त्या दिवशी जळगावच्या सराफ बाजारात पाय ठेवायला जागा नसते. फक्त आजवर कोणी या रीतीत दाढ बसवलेली नव्हती. भूपेंद्रला डॉक्टरांचं 'दोन दिवसांत' आठवलं, नाही असं नाही. तो म्हणाला, "तोपर्यंत ती जुनी स्टीलची तरी बसवून आणू का?"

"ती मगनकडे नमुना शे. नमुना उचलीसन कोनी आनस का?"

"हो," भूपेंद्र म्हणाला, आणि कशाला हो म्हणालो ते त्यालाही कळलं नाही.

त्या रात्री दिपमालाने झोपलेल्या रूपाचा गाल हलकेच ओढून पाहिला. जागा रिकामी होती. "अहो, डॉक्टरांकडे गेला नाहीत का?"

"नवीन बनवायला टाकलीय," भूपेंद्र म्हणाला. हे बोलून त्याला फार बरं वाटलं. कारण वाक्य शंभर टक्के खरं होतं. दिपमालाला वाटलं, दवाखान्यातच बनत असेल. तिच्या डोळ्यांपुढे दिवसभराच्या याद्या नाचत होत्या. गावातल्या मेलेल्या लोकांची नावं कमी करायची आणि ती कमी केली म्हणून जिवंत नातेवाइकांच्या शिव्या खायच्या, एवढं काम करून आलेली बाई आणखी एक प्रश्न विचारायला उरत नाही. ती झोपली.

गुरुपुष्य आला. अक्का पहाटे न्हाऊन, रूपाला नवा फ्रॉक घालून दुकानात हजर. मखमली डबीतून कडी निघाली. मगनशेठनी आपल्या हाताने ती रूपाच्या दाढेवर चढवली. पट्टा बसला. पण पुढची तार सुळ्याच्या मागे बसायच्या ऐवजी सुळ्यावर चढून उभी राहिली.

"मोठी झाली?" अक्कांचा चेहरा पडला.

मगनशेठनी स्टीलचा नमुना शेजारी धरून पाहिला. दोन्ही सारख्या होत्या, केसाचाही फरक नव्हता. त्यांनी पुन्हा रूपाच्या तोंडात पाहिलं. "दागिना बरोबर आहे अक्का. तोंड कमी झालंय."

आता या क्षणी जगातल्या कुठल्याही माणसाला कळायला हवं होतं, की दात सरकायला लागले आहेत. पण सोन्याच्या दुकानात गिऱ्हाइकाचं अंग आणि दागिना यांत फरक पडला तर दागिना दुरुस्त करतात, अंग नाही. बोट जाड झालं तर अंगठी वाढवायची, मनगट वाळलं तर पाटली आवळायची. मगनशेठनी हेच केलं. पकड घेतली, दोन ठिकाणी दाबलं आणि पाच मिनिटांत कडी जागेत चपखल बसवून दाखवली. मऊ सोनं ते, म्हणाल तसं वाकलं.

"बघा, सोन्याचा हाच फायदा," मगनशेठ म्हणाले. "स्टील असतं तर अडून बसलं असतं."

अडून बसणं हेच त्या स्टीलचं काम होतं, हे त्या दुकानात कोणाला सुचलं नाही. एकट्या रूपाला काहीतरी सुचलं होतं. "पण अक्का, डॉक्टर म्हणाल्या होत्या..." एवढंच ती बोलली. "तू आ कर," अक्का म्हणाल्या. आ केल्यावर माणसाला बोलता येत नाही.

तिथेच कडी तोंडात राहिली असती, तरी थोडं निभावलं असतं. पण नवा दागिना लग्नातच अंगावर चढवायचा, आधी घरी घालून मळवायचा नाही, असं अक्कांनी ठरवलं. दोन्ही कड्या, सोन्याची आणि स्टीलची, मखमली डबीत घालून कपाटात गेल्या. आणखी तीन आठवडे रूपाच्या तोंडातली जागा बेवारस पडून राहिली. मागची दाढ पुढे झुकली, पुढचा सुळा मागे झुकला. दोघांनाही कोणी हटकलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी अक्कांनी कडी घालून पाहिली. पुन्हा मोठी. पुन्हा मगनशेठ, पुन्हा पकड.

"पोरगी वाढतेय आणि तोंड आटतंय, असं कसं?" या वेळी मगनशेठनाही जरा कोडं पडलं.

"उपास करस का वं तू?" अक्कांनी रूपाला दरडावून विचारलं. कडी लहान झाली, चपखल बसली आणि आजी-नात संध्याकाळच्या रिक्षाने असोद्याला पोचल्या.

लग्नात जे घडायला हवं होतं ते सगळं घडलं. मांडवात धुळ्याच्या बायका बसल्या होत्या. अक्का नातीला घेऊन मधोमध जाऊन बसल्या आणि पोरीला म्हणाल्या, "हास." दीड महिना ओठ आवळून बसलेल्या पोरीला एकाएकी हसायची परवानगी मिळाली, तीही सक्तीची. ती हसली. आत काहीतरी पिवळं चमकलं.

"वं माय! हाई काय शे?"

"काही नही वं. दाढ काढी ना, तठे जरा सोनं बसाडं," अक्का पदराने वारा घेत म्हणाल्या. "आम्हना जळगावमा असंच ऱ्हास."

मग रांग लागली. आ कर बेटा. अजून मोठा कर. जीभ बाजूला घे. उजेडात ये जरा. चाळीसेक बायकांनी रूपाच्या तोंडात डोकावलं. त्यातल्या सगळ्यांनी सोनं पाहिलं. वेलबुट्टी पाहिली. कडी केवढीशी झाली आहे आणि पोरीच्या दातांमध्ये जागा किती उरली आहे, हे चाळिसांपैकी एकीनेही पाहिलं नाही.

कौतिकाबाईंच्या पोटात दुखायला लागलं. नात त्यांची, लग्न त्यांचं, मांडव त्यांचा आणि बायका जळगावच्या पोरीच्या तोंडात बघतायत. त्या आपल्या सहा वर्षांच्या नातवाला बखोट धरून घेऊन आल्या. "मायबाई, याले बी बसवू आपण असं एखादं. पन याच्या तं साऱ्या दाढा धड हायेत वो. आता काय करावं?"

"एक पाडी टाक," अक्का म्हणाल्या. पोरगं हात सोडवून जे पळालं, ते जेवणं उरकेपर्यंत सापडलं नाही.

रूपाला भूक लागली होती. पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी वाढत होते आणि तिला कोणी तोंड मिटू देत नव्हतं. मिटू दिलं तेव्हा बट्टीचा तुकडा कडीखाली अडकला आणि मऊ सोनं वाकून हिरडीला टोचायला लागलं. अक्कांना सांगावं तर अक्का म्हणाल्या, "लगनमा सोनं काढतस नही." रूपाने ते ऐकून घेतलं आणि स्टेजकडे पाहिलं. तिथे तर वेगळंच चाललं होतं. बायका एकेक करून वर जात होत्या, सोन्याचं काहीतरी नवरीच्या ताटात टाकत होत्या, फोटो निघत होता आणि लगेच खाली उतरून जेवायला बसत होत्या. सोनं टाकलं की सुटका होते, हे सात वर्षांच्या मुलीला कळायला वेळ लागला नाही.

ती स्टेजवर गेली. नखाने कडी काढली, फ्रॉकला पुसली आणि ताटात ठेवली.

माइकवर अभिमन गुरुजी होते. असोद्यात कुठलंही कार्य असो, माइक गुरुजींच्या हातात असायचा. आलेला प्रत्येक आहेर ते नावगावासकट पुकारायचे, म्हणजे देणाऱ्याला समाधान आणि न देणाऱ्याला शरम. "आत्ताच आलेला आहेर!" गुरुजी गरजले. "भिकुबाई चुडामण चौधरी, जळगाव, यांच्या नातीच्या शुभहस्ते नववधूस सोन्याचा..." त्यांनी वस्तू उचलली, उलटी केली, सुलटी केली. "सोन्याचा... सोन्याचा नाजूक दागिना! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. अक्कांच्या हातातला पदर तसाच राहिला.

नवरदेवाची आई, म्हणजे विहीणबाई, कडी घेऊन सरळ अक्कांकडे आल्या. मागे निम्मं वऱ्हाड. "अक्का, हाई कोठे घालतस वं? नाकमा?"

"नाकमा बसाव नही," दुसरी म्हणाली. "पायना बोटमा व्हई."

"सोनं पायमा? तुले काही समजस का?" तिसरी खेकसली.

"आणि ओलं कसं शे हाई?" विहीणबाईंनी बोटं पदराला पुसली.

अक्कांच्या आयुष्यात सोन्याबद्दल बोलताना जीभ अडखळायची ही पहिली वेळ. खरं सांगावं, तर नातीच्या दाढेतली वस्तू आहेर म्हणून दिली, हे धुळ्यात सात पिढ्या सांगितलं जाईल. मांडवात परत मागावी, तर त्याहून वाईट. "गुलाबपानी शिंपडेल शे," त्या म्हणाल्या. "आणि ती कानमा घालतस. वरल्या कडले. नवी फॅशन शे. धुळाले अजून येल नही."

विहीणबाईंनी ती तिथल्या तिथे नवरीच्या कानाच्या वरच्या कडेवर चढवली. चोवीस कॅरेट ते, कानाला म्हणाल तसं बसलं. बायकांनी वा वा केलं. फोटोग्राफरने नवरीला मान वळवायला लावली आणि जवळून फोटो घेतला. दिपमाला नेमकी तेव्हाच भूपेंद्रबरोबर मांडवात शिरत होती. टाळ्या आणि माइकवरचं सासूचं नाव तिने रस्त्यातूनच ऐकलं होतं, आता नवरीच्या कानाला काय लावलंय ते पाहिलं. दाढेभोवतीचा तो पट्टा आणि पुढची ती तार तिने दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात पाहिली होती. तिने पंगतीत बसलेल्या रूपाला गाठलं.

"रूपा, आ कर."

"आता त्यात काही नाही," रूपा घास चावत म्हणाली.

आचाऱ्यांच्या चुलाण्यामागे, धुरात, तिघा मोठ्यांची गाठ पडली. दिपमालाचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर भूपेंद्रला बरं वाटलं असतं.

"नवीन बनवायला टाकली म्हणालात. कोणाकडे टाकली?"

"हो," भूपेंद्र म्हणाला.

"हो काय हो?"

"मगनशेठकडे," भूपेंद्र म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून गुरुपुष्यापासून पकडीपर्यंत सगळं घळाघळा बाहेर पडलं. तेवढी लांब वाक्यं तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलत होता.

"आते काय मांगी लेऊ का परत? बठ्ठा लोकेससमोर?" अक्का पुटपुटल्या.

"मला सोनं नकोय अक्का. पोरीच्या तोंडात आता काही नाही आणि दीड महिना काही नव्हतं. स्टीलची कुठे आहे?"

अक्कांनी पिशवीतून मखमली डबी काढून दिली. दिपमालाला रडू आलं, रागाचं आणि लाजेचं. दीड महिना तिने एका तालुक्यातले दात नसलेले म्हातारे शोधून यादीत घातले होते आणि स्वतःच्या पोरीच्या तोंडात एकदाच पाहिलं होतं, तेही झोपेत.

सोमवारी तिने रजा टाकली आणि तिघांनाही दवाखान्यात नेलं. डॉक्टर नौशीन यांनी स्टीलची कडी रूपाच्या दाढेवर ठेवून पाहिली. ती आता जागेत शिरतच नव्हती, सुळ्यावर चढून उभी राहात होती. त्यांनी माप घेतलं, मग दुसऱ्यांदा घेतलं.

"दीड मिलिमीटर गेलीय," त्या म्हणाल्या. "निघाल्यावर दोन दिवसांत या म्हटलं होतं ना मी?"

दिपमालाने सगळं सांगितलं. मगनशेठनी दोनदा कडी लहान करून दिली, इथवर आल्यावर डॉक्टरांनी हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवलं.

"म्हणजे भिंत सरकली तसतसं तुम्ही दाराचंच माप कमी करत गेलात?"

"हो," भूपेंद्र म्हणाला. या खेपेला ते बरोबर उत्तर होतं, पण कोणी कौतुक केलं नाही.

"आता नुसती जागा राखून चालणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेली जागा आधी परत मिळवावी लागेल. टाळूला नाही, खालच्या जबड्याला एक प्लेट बसवू. गुलाबी रंगाची. पुढच्या दातांवरून स्टीलची तार जाईल, ती हसताना दिसणार. त्यात एक बारीक स्क्रू असतो. आठवड्यातून दोनदा चावीने पाव फेरा द्यायचा. एकही वार चुकवायचा नाही आणि मनाने जास्त फिरवायचा नाही. पाच-सहा महिने. जागा मिळाली की मग पुन्हा कडी. स्टीलची."

रूपा खुर्चीवर आडवी पडून हे सगळं ऐकत होती. दोन महिन्यांत तिच्या तोंडाबद्दल बरेच लोक बरंच काही बोलले होते, पण तिला कोणी काही विचारलं नव्हतं. आता तिने स्वतःच विचारलं.

"डॉक्टर, जागा मिळालीच नाही तर माझा नवा दात कुठे येईल?"

"मग तो वाकडातिकडा कुठूनतरी येईल, नाहीतर आतच अडकून बसेल बिचारा."

रूपाने यावर विचार केला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज नीट होता. "मग त्याला सांगा, अक्काच्या तोंडात ये. तिथे वर दोन आणि खाली तीन दात आहेत, मी मोजलेत. बाकी सगळी जागा मोकळीच आहे. तिला लागत पण नाही."

अक्कांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. खुर्चीवरचा दिवा त्यांच्याच बाजूला वळलेला होता आणि डॉक्टर सवयीने आत बघायला वाकल्या. अक्कांनी तोंड मिटलं. त्यांचे डोळेही भरून आले होते. त्यांना पोरीवर माया नव्हती असं कोणीच म्हणू शकलं नसतं, आणि नेमका तोच तर घोटाळा होता.

"चावी कोणाकडे देऊ?" डॉक्टरांनी विचारलं. "घरी दिवसभर कोण असतं?"

अक्कांनी हात पुढे केला. पाठोपाठ भूपेंद्रनेही केला. दिपमालाने दोन्ही हातांकडे पाहिलं, डॉक्टरांकडून चावी घेतली, पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि पर्सची चेन लावली.